पहिलं शस्त्र

अमेरिकेत म्हणे पोलिसात जाऊ पाहणारी पोरं स्वस्तात पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं, यावर तासन्‌तास खल करतात. नवी मुंबईत कळंबोलीच्या पोलीस मुख्यालयात भरतीला येणाऱ्या पोराचं पहिलं शस्त्र म्हणजे लोखंडी गोळा. वजन ७.२६० किलो, परवाना लागत नाही आणि गावात तोही चौघांत एक. उरलेलं बजेट बुटांवर जातं. कारण १६०० मीटर धावण्याला २० गुण, नेमबाजीला शून्य. कायद्याची गंमत तर बघा! शिपाई १८व्या वर्षी होता येतं, स्वतःच्या पिस्तुलाचा परवाना मात्र २१च्या आत मिळत नाही. तेव्हा भावी शिपाईसाहेब, पिस्तुलाचं सरकार बघेल. तुम्ही भरतीच्या आदल्या रात्री मुक्कामाला पुलाखाली अंथरायला सतरंजी तेवढी आणा.