काही जाणवलं का?

पंतांकडे गाणं ऐकायला जायचं म्हणजे आधी कान मोजून घ्यावा लागतो. त्यांच्या हॉलमध्ये पाहुण्यासाठी एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर बसल्यावर पाहुण्याचा कान जमिनीपासून बरोब्बर ९२ सेंटिमीटरवर यायला हवा, कारण तेवढ्या उंचीवर ट्वीटर आहे. बुटका पाहुणा आला तर त्याच्याखाली जुने दिवाळी अंक सरकवले जातात. उंच असेल तर जरा घसरून बसायला सांगतात. गाणं चालू असताना कुणी उठलं की पंत कळवळतात. "अहो, उभे नका राहू! उभ्याने मधला भाग कटतो!" नवख्या माणसाला वाटतं, यांच्याकडे काही सोवळंओवळं असावं. तसं नाही. त्यामागे शास्त्र आहे, आणि ते सांगून झाल्याशिवाय पंत चहा येऊ देत नाहीत.

शास्त्र असं. घरी केलेल्या स्पीकरच्या खोक्यात खाली वूफर आणि वर ट्वीटर. वूफर सहा इंची, भारदस्त, खर्जात रमणारा. त्याच्याकडून झांजा वाजवून घ्यायला गेलात तर तो आवाज नाकासमोर फेकतो, बाजूला काही पोचत नाही. ट्वीटरचा घुमट जेमतेम २५ मिलिमीटरचा. त्याला डग्ग्याची घुमक दिली तर बिचारा जळून जायचा. म्हणून गाणं दोघांत वाटून द्यायचं, साधारण २५०० हर्ट्झच्या खालचं याला, वरचं त्याला. ही वाटणी करणारं कॉइल, कंडेन्सर आणि रेझिस्टर यांचं मंडळ म्हणजे क्रॉसओव्हर. आता गोची बघा. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि वाटणीचा सांधा येतो नेमका तिथेच. त्यात २५०० हर्ट्झची एक लाट पावणेचौदा सेंटिमीटर लांब. तुम्ही उभे राहिलात की वूफर कानापासून ट्वीटरपेक्षा जास्त लांब जातो, आणि हा फरक जसजसा वाढेल तसतशा दोघांच्या लाटा एकमेकींना खाऊ लागतात.

हा सांधा कुणाला कळता कामा नये, एवढ्यासाठी पंतांची सगळी धडपड. धंदा रफूगाराचाच, पण रफूगार पैसे घेऊन मोकळा होतो. पंतांना दाद हवी असते. पंधरा सेकंद तानपुरा ऐकवून ते गाणं थांबवतात, पुढे झुकतात आणि विचारतात, "काही जाणवलं का?"

या प्रश्नाला आजवर कुणालाही धड उत्तर देता आलेलं नाही. 'हो' म्हणालात तर सांधा जाणवला, म्हणजे वर्षाची मेहनत पाण्यात. 'नाही' म्हणालात तर ती खरी पावती. पण पंतांचा चेहरा पडतो. "काहीच नाही?" असं ते अशा सुरात विचारतात की जणू आपण त्यांच्या मुलीचं स्थळ नाकारलंय. एकदा काकू मनापासून म्हणाल्या, "अहो, बाई समोर बसून गातेय असं वाटलं." दुसरा एखादा नवरा विरघळला असता. पंतांनी वही उघडली. "समोर म्हणजे किती उंचीवर?"

पंतांची उमेदीची वर्षं पिंपरी-चिंचवडकडच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. तिथे दुसऱ्याच्या मालात खोट काढायचा पगार मिळायचा. रिटायर झाल्यावर ती सोय राहिली नाही, तेव्हा खोट काढता येईल असं काहीतरी स्वतःच बनवणं भाग होतं. सुरुवात सोज्वळ होती. पुस्तकातलं सूत्र घेतलं: आठ ओहमचा स्पीकर, २५०० हर्ट्झ, ट्वीटरला साधारण ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, वूफरला अर्ध्या मिलिहेन्रीची कॉइल. कंडेन्सर चांगल्या प्रतीचा, पॉलिप्रॉपिलीनचा हवा. आणि तसला कंडेन्सर आपल्याकडे घरोघरी छताला टांगलेला असतो, हा साक्षात्कार पंतांना ऐन मे महिन्यात झाला. सीलिंग फॅनचा कंडेन्सर त्याच जातीचा. अडीच मायक्रोफॅरडचे दोन आणि ३.१५ चा एक समांतर जोडले की ८.१५ होतात. काकूंनी दुपारी बटण दाबलं, पंखा हूं की चूं करेना. "अहो, बेडरूमचा पंखा का फिरत नाहीये?" "तो सध्या ट्वीटरमध्ये आहे." हॉलचा आणि देवघरासमोरचाही तिथेच होता.

त्यानंतर पंत सुटे भाग घ्यायला रीतसर तपकीर गल्लीत जायला लागले. बुधवार पेठेतली ती गल्ली म्हणजे पंतांचं पंढरपूर, आणि गंमत म्हणजे पासोड्या विठोबा शेजारीच आहे. मात्र तिथल्या दुकानदारांना पंतांचं दुःख कळत नाही. पंतांनी "०.४७ मिलिहेन्री, एअर कोअर" असं म्हटलं की काउंटरवरचा पोरगा विचारतो, "काका, मंडळासाठी का? मग अठरा इंची बघा ना, छाती हलते." पंतांचा इतका अपमान कंपनीच्या युनियननेही केला नव्हता. शेवटी ते १८ गेजची एनॅमलची तार किलोवर तोलून घेतात आणि कॉइल घरी गुंडाळतात. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला काकू भाजी निवडतायत, दुसऱ्या टोकाला पंत प्लॅस्टिकच्या रिळावर वेढे मोजतायत, मीटर लावतायत, एक वेढा सोडतायत, पुन्हा लावतायत. मधेच कुणी "मीठ किती घालू?" असं विचारलं की आकडा चुकतो आणि अख्खी कॉइल सोडवावी लागते. त्या घरात बरेच दिवस आमटी अळणी होती.

पण सूत्राने दगा दिला. आठ ओहमचा म्हणून घेतलेला स्पीकर कधीच आठ ओहमचा नसतो. एका जागी तो तीस होतो, दुसऱ्या जागी सहा, वर जाल तसा पुन्हा चढत जातो. पुस्तक म्हणतं आठ धरा. क्वालिटी कंट्रोलमध्ये हयात घालवलेल्या माणसाला 'धरा' म्हणणं म्हणजे शिवी. झालं, मायक्रोफोन आला.

खोलीत मोजायचं तर भिंती मधे बोलतात, म्हणून पंत मोजमापाला गच्चीवर जातात. टेबलावर स्टूल, स्टुलावर स्पीकर, समोर मीटरभर अंतरावर काठीला बांधलेला माइक, दोन्ही जमिनीपासून दोन मीटरवर. का, तर जमिनीवर आपटून येणारा आवाज तीन मीटरचा वळसा घालून नऊ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्या वेळात जे ऐकू आलं ते खरं, पुढचं कापून टाकायचं. मग २० हर्ट्झपासून २० हजारांपर्यंत चढत जाणारा एक "हुऊऊऊईई" सोसायटीभर घुमतो. पहाटे साडेपाचला, कारण नंतर कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात आणि त्या नेमक्या सांध्यात येतात, असं पंतांचं म्हणणं. चेअरमनकडे तक्रार गेली. पंतांनी चेअरमनना लॅपटॉपवर आलेख दाखवून विचारलं, "काही जाणवलं का?" वरच्या टोकाचा ईई पंतांना स्वतःला ऐकू येत नाही, साठीनंतर तो कुणालाच येत नाही. त्यासाठी सुट्टीत नातवाला बसवतात. नातू १६ हजारांपर्यंत ऐकतो आणि दर हजाराला एक चॉकलेट घेतो.

या पंथात भाऊबंदकीही आहे, आणि भांडण सांध्यापलीकडे आवाज दर सप्तकाला किती डेसिबलने (डीबी) उतरवायचा याचं. ६ डीबीवाले म्हणतात, एक कॉइल, एक कंडेन्सर, बस्स. जितकं कमी तितकं निर्मळ. पंत २४ डीबीवाले. १९७६ साली लिंकविट्झ आणि रायली या दोन इंजिनिअरांची रीत छापून आली: सांध्यावर दोघांनी सहा-सहा डीबी खाली यायचं, पण पावलं बरोबर टाकायची, म्हणजे बेरीज सपाट. या जोडीचं नाव घरात इतकं घेतलं गेलं की काकू त्यांना कल्याणजी-आनंदजींच्या पंगतीतले संगीतकार समजत होत्या. कोथरूडचा एक ६ डीबीवाला पंतांचा जिवलग मित्र. दोघं एकमेकांच्या घरी जातात, एकमेकांचे स्पीकर ऐकतात, आणि "पोहे छान झालेत" एवढंच बोलून परत येतात. तिसरा एक आहे, तो सगळी वाटणी कॉम्प्युटरमध्ये करतो आणि प्रत्येक स्पीकरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावतो. खुद्द लिंकविट्झही त्याच वाटेचा, हे पंतांना माहीत आहे. तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही.

सांधा जमला की नाही हे तपासायची एक युक्ती आहे. ट्वीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडायच्या. दोघांची पावलं खरंच जुळत असतील तर आता ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि आलेखात सांध्याच्या जागी खड्डा पडतो. जितका खोल तितकी जुळणी पक्की. पंतांच्या मोबाइलमध्ये नातवाच्या फोटोंइतकेच खड्ड्यांचे फोटो आहेत. "हा बघा, तीस डीबी!" पुणे शहरात खड्ड्याचा अभिमान बाळगणारा हा एकच माणूस.

एवढं सगळं होऊनही क्रॉसओव्हर खोक्याच्या आत गेलेला नाही. खोक्याच्या पाठीतून वायरी बाहेर येतात आणि एका प्लायवूडच्या फळीवर क्रोकोडाइल क्लिपांनी लटकतात. आत बसवला की संपलं, आणि संपणं पंतांना परवडणारं नाही. मध्यंतरी असं झालं की आठ दिवस पंत खुशीत होते. तानपुऱ्याची जवारी आता खरी उघडली, असं येईल त्याला सांगत होते. कोथरूडकराला मुद्दाम बोलावून ऐकवलं. नवव्या दिवशी फळीवर नजर गेली. ट्वीटरला समांतर लावलेल्या १५ ओहमच्या रेझिस्टरची क्लिप सुटलेली. कामाच्या मावशींनी केर काढताना झाडू मारला होता. ट्वीटर जेमतेम एक डीबीने चढला होता आणि सांध्याशी थोडा फुगवटा आला होता, एवढंच. पंत दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग लॅपटॉपमध्ये 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरं फायनल' यांच्याखाली एक नवी फाइल आली, 'मावशी'. सध्या तीच चालू आहे. मावशींना एकदा खुर्चीत बसवून विचारलंही, काही जाणवलं का? त्या म्हणाल्या, "वायरी लई झाल्यात, दादा. जाळं धरतंय."

त्यांच्या देव्हाऱ्यातला देव म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए. स्टुडिओबाहेरच्या कार्यक्रमांच्या गाडीत मावावा म्हणून १९७० च्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांनी बांधलेला फूटभर उंचीचा स्पीकर. एवढ्याशा डब्यात एवढा गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर, हे पंत डोळे मिटून सांगतात. मला विचाराल तर पंतांचं गाण्यावरही प्रेम आहे. किशोरीताईंच्या भूपाची सुरुवात त्यांच्याइतक्या वेळा कुणी ऐकली नसेल. सुरुवातच, पुढे राग कुठे जातो हे त्यांना अजून कळायचंय.

यंदा कोजागिरीला सोसायटीने पंतांचे स्पीकर गच्चीवर मागितले. पंतांनी दुपारपासून विटा लावून ट्वीटर सतरंजीवर बसणाऱ्यांच्या कानाच्या उंचीला आणले, फळी मागे पाटावर ठेवली, मावशींना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. भूप सुरू झाला. पंधराव्या सेकंदाला पंत पुढे सरसावले, तेवढ्यात काकूंनी त्यांना मसाला दुधाचं पातेलं उचलायला खाली पिटाळलं. लिफ्ट बंद होती. पंत चार मजले उतरून, पातेलं घेऊन, धापा टाकत वर येईपर्यंत राग चांगला रंगात आला होता. कुणी बोलत नव्हतं. पोरंसुद्धा पकडापकडी सोडून बसली होती, चेअरमननी मान खाली घातली होती.

पंत दारातच थबकले. "काय झालं? ट्वीटर गेला का?"

कुणीतरी हातानेच गप्प बसायची खूण केली. पंतांनी पातेलं टेकवलं, स्पीकरपाशी उकिडवं बसून ट्वीटरला कान लावला, तो जिवंत असल्याची खात्री केली आणि गाणं थांबवलं. "चांगलं ऐकलंत," ते फळीवरच्या क्लिपा काढत म्हणाले, "आता हेच पोलॅरिटी उलटी करून ऐकवतो."