दहापैकी चार

फौजेत माणसाला सगळं काही मिळतं, पण 'तुला काय वाटतं?' असं कुणी विचारत नाही. पहाटे शिट्टी वाजली की पीटी, नंतर वाजली की लंगर. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, तेव्हा शिट्टी बेळगावच्या सेंटरलाच राहिली आणि भूक तेवढी माझ्याबरोबर साताऱ्याला आली. बूट-रायफलीसकट 5 किलोमीटर धावणाऱ्याचा खुराक टीव्हीसमोर बसून चालू ठेवला, की पट्टा शेवटच्या भोकावर येतो.

मग घरच्यांनी मोहीम उघडली. मुलाने पावलं मोजणारं घड्याळ आणलं. तासभर बसलो की ते थरथरायचं. आयुष्यभर सीओ साहेबांच्या हुकमाने उठलो, आता मनगटाच्या सांगण्यावरून उठू? बायको 'कमी खा' म्हणायची आणि म्हणता म्हणता ताटात चपाती टाकायची. हुकूम आणि रसद एकाच खात्याकडे असली की असंच व्हायचं. डॉक्टर म्हणाले, "साहेब, पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी, आणि आपल्याकडे बीएमआय 23 झाला तरी वजन जास्त धरतात." भरतीच्या वेळी छाती 5 सेंटीमीटर फुगवून दाखवावी लागली होती. कंबरेने तेवढेसुद्धा कष्ट घ्यायला लावले नाहीत.

सूनबाई आहारतज्ज्ञ आहे. एका संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवून तिने विचारलं, "बाबा, वजन उतरवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांगा."

"चार," मी म्हणालो आणि सावध बसलो. उस्तादाने 'दहा का नाही?' विचारलं असतं आणि उत्तराआधीच फ्रंट रोल मारायला लावले असते.

सूनबाई म्हणाली, "चार का? दोन का नाही?"

या बाजूने हल्ला होईल असं वाटलंच नव्हतं. मी माझ्या चारची बाजू लढवायला लागलो. गुडघे कुरकुरतात. अजिंक्यतारा चढताना अर्ध्यात दम लागतो. 26 जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला जायचं, तर ब्लेझरचं बटण लागत नाही, पदकं पोटावर आडवी पडतात. बोलून थांबलो तेव्हा लक्षात आलं, की माझ्याच पोटाविरुद्धची सगळी साक्ष मीच दिली होती. चक्क अ‍ॅम्बुश!

नंतर तिने गुपित सांगितलं. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली ही पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्या जोडीने ती वाढवली. समुपदेशक 'बदल' म्हणून भांडायला लागला, की समोरचा 'नको'ची बाजू घेतो. म्हणून विचारायचं, ऐकायचं आणि त्याचेच शब्द त्याच्या हातात परत द्यायचे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत वजनासाठी 'मूव्ह' नावाचा कार्यक्रम चालतो, तिथेही हेच तंत्र वापरतात. म्हणजे पेन्शनर फौजी तिकडचा असो की इकडचा, दुखणं एकच.

"पण मिलर साहेबांनी हे आधी कुणासाठी काढलं?"

"दारू पिणाऱ्यांसाठी."

"मग माझ्यावर का?"

"बाबा, रमचा विषय यायचाय अजून."

तो आलाच. 'सोडा' असं ती म्हणाली नाही. उलट विचारलं, "रममध्ये तुम्हाला काय आवडतं?" कॅन्टीनच्या बाटलीबद्दल इतक्या आदराने आमच्या घरात पहिल्यांदाच चौकशी होत होती. मी थंडीतल्या पोस्टपासून बडा खान्यापर्यंत सगळं सांगितलं. "आणि काय आवडत नाही?" मी म्हणालो, "तिच्यामागोमाग ताटात येणारं चिकन, आणि चिकनमागोमाग येणारा भात." तिने तेवढंच परत वाचून दाखवलं आणि गप्प बसली. त्या शांततेत मीच जाहीर केलं, की रम फक्त शनिवारी. दुसऱ्याचा हुकूम चुकवायच्या युक्त्या फौजेने शिकवल्यात. स्वतःच दिलेला हुकूम मोडला, तर पेशी कुणापुढे लावायची?

पट्टा आता दोन भोकं आत आलाय. सूनबाईच्या वहीत माझ्या नावापुढे 'कारण : निरोगी म्हातारपण' असं लिहिलंय. वाचायला बरं आहे, म्हणून मी दुरुस्त केलं नाही. खरं कारण गल्लीत समोरच राहतं. ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालंय आणि रोज सकाळी माझ्याआधी अजिंक्यताऱ्यावर पोचून 'या साहेब, दमलात?' असं विचारतं. पायदळाने हे किती दिवस ऐकायचं?

परवा कळलं, की तेही हल्ली गुपचूप सूनबाईकडे येतात. कारणाच्या रकान्यात त्यांनी काही आडपडदा ठेवलेला नाही, सरळ माझं नाव घातलंय.