तीस व्होल्ट, दोन अँपियर

आमच्या कॉलनीतले काका नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. ते त्यांनी शेजारच्याला धरायला दिलं आणि स्टोअरकीपरला गाठून विचारलं, "खालच्या फळीवरचा तो सप्लाय भंगारात निघालाय ना?"

सप्लाय म्हणजे टेबलावरचा डीसी पॉवर सप्लाय. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ज्यांनी एक तरी जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलंय, त्यांना तो पत्र्याचा डबा आठवेल: काट्याचे मीटर, दोन-तीन नॉब, लाल-काळी टर्मिनलं, बहुधा ठाण्याच्या ॲपलॅबचं नाव. शून्य ते तीस व्होल्ट, दोन अँपियर. आत तांब्या-लोखंडाचा खराखुरा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे उचलताना कंबरेची आठवण होते. वजन हा काकांच्या लेखी गुण आहे. हल्लीच्या हलक्या सप्लायना ते 'खोका' म्हणतात आणि विषय बदलतात.

असे डबे ते अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणायचे. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजार उठवला तेव्हा शहराने सुटकेचा निःश्वास सोडला. काका मात्र दोन वेळ नीट जेवले नाहीत. आता एका दहा फेऱ्यांच्या पॉटसाठीसुद्धा पंचवटी एक्सप्रेस पकडून लॅमिंग्टन रोड गाठतात.

सप्लाय बंद पडलेला असेल तर काका खुशीत असतात. चालू निघाला तर अस्वस्थ होतात, पण फार वेळ नाही. आधी झाकण निघतं, ते कायमचंच. मग जुने कंडेन्सर काढायचे, कारण ते आतून सुकतात आणि डीसीमध्ये शंभर हर्ट्झची घरघर शिरते. मग नॉब. जुन्याला धक्का लागला तर पाचाचे सहा व्होल्ट व्हायचे. नव्या दहा फेऱ्यांच्या पॉटने पाच पूर्णांक शून्य दोनही लावता येतात. हे शून्य दोन कोणाला हवे होते, ते विचारायचं नाही. मग डिजिटल मीटर. त्याला स्वतःची वेगळी वीज लागते, म्हणून आत आणखी एक छोटा ट्रान्सफॉर्मर येतो. म्हणजे सप्लायला सप्लाय. काट्याचा मीटर काढवत नाही, तोही राहतो. काटा बारा म्हणतो, आकडे अकरा पूर्णांक नऊ म्हणतात, आणि निवाड्याला आणलेला मल्टिमीटर तिसरंच काही सांगतो. त्या संध्याकाळी काकांशी कोणी बोलू नये.

एकाच गोष्टीला ते हात लावत नाहीत: आतला ७२३ हा आयसी. तो १९६७ च्या सुमारास फेअरचाइल्ड कंपनीने आणला. याच फेअरचाइल्डमध्ये आधी काम केलेल्या बॉब विडलार या अमेरिकन इंजिनिअरने पुढे नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये असताना, कंपनीने गवत कापणं थांबवलं म्हणून एक मेंढी आणून हिरवळीवर चरायला सोडली होती. "याला म्हणतात मेंटेनन्स!" काका सांगतात, आणि दर वेळी त्यांचा गळा दाटतो.

या सप्लायवर चालवायचं काय, असं मी एकदाच विचारलं.

"दुसरा सप्लाय टेस्ट करायला लागतो ना!"

तरीही त्यातल्या एकाला घरात खरंखुरं काम होतं. तीस व्होल्टचा सप्लाय पाच व्होल्टवर चालवला की उरलेले व्होल्ट मागच्या २एन३०५५ ट्रान्झिस्टरला पचवावे लागतात. आत चौतीस, बाहेर पाच. राहिले एकोणतीस, गुणिले दोन अँपियर. म्हणजे कामाचे दहा वॅट आणि नुसत्या उष्णतेचे अठ्ठावन्न. ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची चकती, तिच्यामागे काळ्या पात्यांचा हीटसिंक, आणि त्या हीटसिंकला टेकून काकूंचं विरजणाचं भांडं. निफाडचा पारा घसरला की नाशिकलाही दही लागेनासं होतं. काका स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब जोडून सप्लाय रात्रभर लोडवर ठेवायचे, सकाळी दही कवडीदार. घरातल्या सगळ्या यंत्रांपैकी काकूंनी स्तुती केलेलं हे एकच.

आणि काकांना नेमकं त्यातच वैगुण्य दिसलं. इतकी वीज फुकट! त्यांनी रिले बसवला. मागणी कमी व्होल्टची असेल तर तो टक् करतो आणि ट्रान्सफॉर्मरची अर्धीच गुंडाळी वापरतो. अठ्ठावन्न वॅटचे चोवीस झाले. हीटसिंकला हात लावून बघायला काकांनी आम्हा शेजाऱ्यांना बोलावलं. आम्ही रांगेने हात लावला. खरंच कोमट होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी भांडं सगळ्यांसमोर तिरकं केलं. दूध या काठावरून त्या काठावर गेलं.

"पूर्वीसारखा करून द्या."

काकांनी कागदावर कार्यक्षमतेचं गणित मांडलं. काकूंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि कागद भांड्याखाली ठेवला.

आता त्या सप्लायच्या पुढच्या पत्र्यावर एक नवा टॉगल स्विच आहे. वर 'नॉर्मल', खाली 'विरजण'. खाली केला की रिले बाद होतो आणि ट्रान्झिस्टर पूर्वीसारखा तापतो. काका याला चौथी आवृत्ती म्हणतात. पाचवीत टायमर येणार आहे. सहा तास पुरतील की आठ लागतील, एवढंच काकूंना विचारायचं बाकी आहे.