चौदा फुटी टेम्पोच्या मालकांस अनावृत पत्र

रा. रा. टेम्पोमालक यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण, आपला कायद्याचा व्यासंग. मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ म्हणतं, सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ वाऱ्यावर सोडलेलं वाहन पोलिसांना हलवता येतं. आपण रात्री नऊला टेम्पो लावता, सकाळी सहाला काढता. एक तास शिल्लक! ‘नो पार्किंग’ असेल तिथं दहा तासांची मुभाच नाही म्हणा, पण आमच्या गल्लीतली ती पाटी आपल्या टेम्पोमागे असल्यानं कुणाला दिसत नाही.

पहाटे रिव्हर्स घेताना वाजणारी आरती आणि फुटपाथवरचं ऑइल मी सोडून देतो. बोलायचंय ते शनिवारबद्दल.

शनिवारी आपला धंदा बंद, टेम्पो दिवसभर जागेवर. दहा तासांचा हिशेबही मोडला. दुपारी टोइंगवाले आले, टेम्पोला प्रदक्षिणा घातली आणि त्याच्या मागची माझी स्कूटर हळदीतल्या नवऱ्यासारखी उचलून नेली. जुन्या सोसायटीला पार्किंग नाही, ती दुसरीकडे ठेवणार कुठं? मी विचारलं, “आणि हा?” उत्तर आलं, “काका, त्याला मोठी क्रेन लागंल.” म्हणजे शंभर किलोचा गुन्हा उचलायचा, चार टनांचा राहू द्यायचा. दंड कागदोपत्री दोघांना सारखाच: पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलं तर १५००. मी भरला, शिवाय उचलण्याची हमाली. आपल्या काचेवर साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती.

भांडायलाच आलो होतो. तुम्ही केबिनमध्ये आडवे होतात. म्हणालात, मागं लांबच्या मैदानात लावला तर डिझेलही गेलं, बॅटरीही; हप्ता तेवढा राहिला. निगडीला ट्रान्सपोर्टनगरी आहे, पण तिथं टेम्पो ठेवून रात्री दहाला सिंहगड रस्त्यावर यायचं कशानं?

मग राग वळला तो थेट पुणे महापालिकेकडे. २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध होताच पाच रस्त्यांपुरतं आवळलं आणि कागदावरच ठेवलं. इमारतीच्या नकाशात मोटारी आणि दुचाकींच्या चौकटी तेवढ्या मोजून घेतात. त्याच इमारतीत फ्रिज, कपाटं आणि पाण्याचे जार पोचवणाऱ्या गाडीनं रात्री कुठं जायचं, हे कुणाच्या टेबलावर कधी आलंच नाही. लाज वाटायला हवी, आणि ती तुम्हाला नव्हे.

तरीही टेम्पो माझ्या खिडकीसमोरून हलवाच. ते जमत नसेल, तर एक विनंती: यापुढे माझी स्कूटर तुमच्या हौद्यात ठेवू द्या. फळकुटावरून मी चढवीन. टेम्पोला तर कुणी हात लावत नाही. महिन्याचं भाडं देईन, पावती नको.

आपला,
पहिल्या मजल्यावरचा