शाळा बघायची ती कोणत्या दिवशी?

"तुला कळलं का? आमच्या सूनबाईनं गाडी ठरवली," तारेच्या कुंपणावर गोधडी वाळत टाकता टाकता आक्का म्हणाल्या.

मी हातातलं सूप खालीच ठेवलं. उन्हाळ कांदा अजून चाळीत पडलाय, भाव येईल तेव्हा येईल, आणि यांनी गाडी ठरवली?

"अगं, शाळेची गाडी! पिवळी. नातू पहिलीत जायचाय ना यंदा. सकाळी सातला दारात हॉर्न वाजणार म्हणे."

"आणि आपली मराठी शाळा? इथून हाक मारली तर ऐकू जाते."

"तेच तर वाईट झालं. हाकेच्या अंतरावरची शाळा कुणाला शाळा वाटते का? सूनबाई त्या इंग्रजी शाळेत जाऊन आली. काचेचं दार आहे, हापिसात माशांची पेटी आहे, बाईंनी 'गुड मॉर्निंग' केलं, एका पोरानं इंग्रजी कविता म्हणून दाखवली. झालं, पास!"

"वर्ग बघितला का?"

"वर्ग चालू होता, आत सोडत नाहीत म्हणाले. माशांची तब्येत चांगली होती, एवढं सांगते ती."

"आणि मराठी शाळेत काय बघितलं?"

"गेलीच नाही. म्हणे, सगळ्यांना माहितीच आहे."

आता हे सगळ्यांना माहिती असतं ना, त्याचा मला फार राग येतो. आमच्या कळवणात कुणाच्या चाळीत किती क्विंटल कांदा आहे ते सगळ्यांना माहिती. शाळेत चौथीच्या किती पोरांना वाचता येतं ते कुणाला माहिती नाही. मी तसं बोलले, तर आक्कांनी लगेच पकडलं. "तू समितीत आहेस, तू तुमच्याच शाळेची बाजू घेणार."

आहे बाई, शाळा व्यवस्थापन समितीत आहे. कायद्यानंच समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. म्हणून मला घेतलं, काही मी फार हुशार म्हणून नाही. सभेच्या दिवशी निम्म्या जणी कांदे निंदायला गेलेल्या असतात, सह्या मात्र शंभर टक्के. पण मी बाजू घेत नाही. उलट आतलं दिसतं म्हणून जास्त चरफडते.

"रंग तरी द्या म्हणावं," आक्का म्हणाल्या.

"दिलाय की! मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा आली, त्या स्पर्धेसाठी दिला. व्हरांड्यावर आगगाडी काढलीय, प्रत्येक वर्गखोली म्हणजे एक डबा. पायऱ्यांवर पाढे लिहिलेत. पण आक्का, पायरीवर पाढा लिहिला म्हणून पोराला पाढा येत नाही, आणि रंग उडाला म्हणून गुरुजी वाईट होत नाहीत."

"मग शाळा ओळखायची कशावरून?"

मी म्हटलं, आधी विचारायचं, शिकवायला किती जण आहेत. कागदावर किती ते नाही, आज किती. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, त्यात प्राथमिकला तीस पोरांमागे एक गुरुजी आणि साठपर्यंत पट असला तर दोन. हिशेब बरोबर दिसतो. पण वर्ग असतात चार! दोघांत चार वर्ग म्हणजे एक जण पहिली-दुसरीला घेऊन बसणार, दुसरा तिसरी-चौथीला. त्यात एकाला मतदारयादीचं काम लागलं, की उरलेला एकटा चार वर्ग, शिवाय खिचडीचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची, वर गावातला कोण दाखला मागायला आला तर तो शोधायचा. डोंगराकडच्या शाळा तर बदलीच्या यादीत 'अवघड क्षेत्र'. तिथं आलेला माणूस पहिल्या दिवसापासून वर्षं मोजतो, असं लोक म्हणतात. सगळे तसे नसतात. एक गुरुजी मला माहिती आहेत, बदली मिळत होती तरी गेले नाहीत. पण त्यांचं नाव मी सांगणार नाही, त्यांना आवडायचं नाही.

आक्कांनी गोधडी सरळ केली आणि एकदम हसल्या. "आमच्या वेळी बरं होतं. दिपोटी यायचे."

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. इंग्रजांच्या काळातलं डेप्युटी इन्स्पेक्टर हे पद. साहेब बदलले, खाती बदलली, तरी खेड्यात तपासायला येणारा तो दिपोटीच राहिला.

"दिपोटी येणार म्हटलं की आठ दिवस आधी शाळा सारवायची," आक्का सांगायला लागल्या. "आंब्याच्या डहाळ्याचं तोरण. गुरुजी नवीन धोतर नेसायचे. हुशार पोरं पुढं बसवायची, कोणता प्रश्न कुणाला ते आधीच ठरलेलं. आणि मला सांगितलं होतं, तू उद्या येऊ नको."

"का?"

"का म्हणजे? मला वाचता येत नव्हतं! मी आणि गड्याची दोन पोरं, तिघांना घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पेढे वाटले, शाळेला चांगला शेरा मिळाला म्हणून. मी पण खाल्ला एक."

त्या हसत होत्या. मला काही हसू येईना. पाऊणशे वर्षांच्या बाईला अजून त्या पेढ्याची आठवण आहे. आणि मला विचाराल तर शाळेची सगळी परीक्षा इथंच आहे. साहेबाला कोणतं पोरगं दाखवलं ते सोडा, कोणतं झाकलं ते शोधा.

"आता तसं नाही होत," मी म्हटलं. "आता उलटं होतं. नसलेली पोरं दाखवतात." २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती, आठवतं? एकाच वेळी सगळ्या शाळांत पोरं मोजली. एका पोरानं दोन शाळांत हजेरी लावू नये म्हणून बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. तेव्हा कळलं, किती शाळांत पोरं नुसती कागदावर जेवत होती! आणि त्यात खाजगी अनुदानित संस्थाही होत्या, नुसत्या झेडपीच्या शाळा नव्हत्या. हे सूनबाईला सांगा.

"तिला तू सांग. माझं ऐकते होय? तिचं एकच, इंग्रजी पाहिजे."

तिचं चुकत नाही. तिला स्वतःला बँकेत फॉर्म भरताना घाम फुटतो, पोराचं तसं होऊ नये असं वाटणारच. पण मराठी शाळेतही २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. आणि माझी भाची नाशिकला बी.एड. करते, तिनं एक गोष्ट सांगितली. आंध्रात दोन अर्थतज्ज्ञांनी, मुरलीधरन आणि सुंदररामन त्यांची नावं, खेड्यातल्या सरकारी शाळेतल्या पोरांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची फी भरून त्यांना खाजगी शाळेत पाठवलं, बाकीची तिथंच राहिली. चार वर्षांनी दोघांची परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची पोरं सारखीच! हिंदीत तेवढी खाजगीतली पुढं, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवतच नव्हते.

"मग खाजगीतली पोरं हुशार कशी दिसतात?"

"कारण आधीच घरी शिकणारी पोरं तिथं जातात. आई शिकलेली, घरात पेपर येतो, शिकवणी लावलेली. शाळा म्हणते, बघा आमचा निकाल."

आक्कांनी मान हलवली. "म्हणजे बाजारातून मोठा बोकड विकत आणायचा आणि मी पोसला म्हणायचं."

एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या! माझ्या भाचीला त्यासाठी वीस पानं लागली होती.

"पण तुमच्या शाळेतल्या पोरांना तरी येतं का?" आक्का सोडायला तयार नव्हत्या. हा प्रश्न बरोबर होता. 'असर' म्हणून एक पाहणी होते, प्रथम संस्थेची, २००५ पासून. ती माणसं घरी येतात, पोराला ओट्यावर बसवतात आणि वाचायला देतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळी, मग छोटी गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. बस, एवढंच. २०२२ साली देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीच्या १०० पोरांतली १६ पोरं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली, २०२४ ला २३. वाढली म्हणून टाळ्या वाजवायच्या, की उरलेल्या ७७ जणांकडे बघायचं? खाजगीतलीही निम्म्याहून कमीच वाचतात, हे त्यांच्या जाहिरातीत येत नाही.

मी तर आपली साधी रीत धरलीय. शाळेचं पुस्तक पोराला पाठ असतं, पान उलटं धरलं तरी घडाघडा म्हणतं. म्हणून मी कांद्याच्या बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन जाते. 'पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करावी', वाच बाळा. 'प्रक्रिया' ला अडखळलं तरी चालेल, पण पुढं गेलं पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या चौथीतली तीन पोरं 'पेरणी' लाच थांबली. मी समितीत बोलले. गुरुजी रागावले नाहीत, खाली बघत म्हणाले, "ताई, ही तिघं दिवाळीपासून होळीपर्यंत शाळेत नव्हतीच."

आक्कांनी विचारलं, "द्राक्षाला गेली?"

दुसरं काय? आपल्याकडची, सुरगाण्याकडची माणसं दिवाळीच्या सुमाराला दिंडोरी, निफाडच्या बागांवर जातात. छाटणी, डिपिंग, विरळणी, मग काढणी. पोरं बरोबर. तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतात. पण बागेतून शाळा लांब, आई दिवसभर वेलीखाली, आणि धाकट्याला सांभाळायला कोण? मोठी बहीण. कार्ड पिशवीत राहतं. घरी त्यांची बोली कोकणी, शाळेत पुस्तकी मराठी, मध्ये चार महिने खाडा. ती परत येतात तेव्हा वर्ग कुठल्या कुठं गेलेला असतो.

"आता आक्का, मला शाळा ओळखायची असेल तर मी काय विचारीन? शिष्यवृत्तीला किती बसले, नवोदयला कोण लागलं, ते नाही. ते एक पोरगं निघतंच, त्याचा फोटो लागतो. मी विचारीन, होळीनंतर परत आलेल्या पोराचं तुम्ही काय केलं? त्याला वेगळं बसवून शिकवलं, की पाचवीत ढकलून दिलं?"

"आणि गुरुजी म्हणाले, ढकलून दिलं, तर?"

"तर शाळा वाईट. माझी असली तरी."

मग आक्कांनी हिवाळीचं काढलं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली ती शाळा, केशव गावित गुरुजींची. पोरं दोन्ही हातांनी एकदम लिहितात, त्याचे व्हिडिओ आक्कांच्या जावयानं पाठवले होते. "बघ, असं पाहिजे!" दोन हातांनी लिहिणं बघायला मजा येते, मी पण दोनदा बघितला. पण त्या शाळेचं मला जे आवडलं ते व्हिडिओत नीट दिसत नाही. ती शाळा रविवारी भरते, दिवाळीत भरते, वर्षाचे ३६५ दिवस भरते. डोंगरातल्या आईबापांना त्याचा उपयोग, दोन हातांचा पाहुण्यांना. अर्थात प्रत्येक गुरुजीनं घरदार सोडून ३६५ दिवस यावं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एक माणूस देवासारखा निघाला म्हणून बाकीच्यांच्या रिकाम्या जागा भरू नयेत असं थोडंच आहे!

एवढ्यात सूनबाई बादली घेऊन बाहेर आली. आक्कांनी तिथूनच आवाज दिला, "अगं, ही म्हणते मराठी शाळा एकदा बघून तर ये."

सूनबाई शहाणी आहे, भांडली नाही. म्हणाली, "बरं. शाळा उघडेल त्या दिवशी जाते."

"त्या दिवशी नको!" मी जवळजवळ ओरडलेच. शाळा उघडायच्या दिवशी प्रवेशोत्सव. गुलाबाचं फूल, फुगे, नवीन पुस्तकं, बैलगाडीतून मिरवणूक, जेवणात गोड. त्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या असतात. पंधरा ऑगस्टलाही नको. "आठ-दहा दिवसांनी जा. पाऊस लागू दे. पत्रा गळतो का ते दिसेल. जेवणाच्या सुट्टीनंतर जा, तेव्हा गुरुजीही दमलेले असतात, तेव्हाच खरं शिकवणं कळतं. मुलींच्या संडासात पाणी आहे का ते स्वतः नळ सोडून बघ. खिचडी पोरांना वाढायच्या आधी चव घेऊन वहीत लिहायचं असतं, ती वही माग. आणि गेल्या फेब्रुवारीचा हजेरीपट दाखवा म्हण. फेब्रुवारीत सगळे 'हजर' असतील तर समजून जा, कुणीतरी लिहिताना डोळे मिटले होते."

"आणि इंग्रजी शाळेतही हेच विचारू?"

"विचार की! वर्गात बसू द्या म्हण अर्धा तास. बाईंचा पगार विचारू नको, पण दोन वर्षांत किती बाई बदलल्या ते विचार. पोराला कविता म्हणायला लावू नको, तिचा अर्थ विचार."

सूनबाईनं बादली खाली ठेवली. "पण वहिनी, गाडीवाल्याला मी ॲडव्हान्स दिलाय."

"किती?" आक्कांचा आवाज चढला.

"दोन हजार."

"दोन हजार! काय व माय! पोरगं अजून शाळेत गेलं नाही आणि गाडी दोन हजार चालली?" आक्कांनी गोधडीवर जोरात दोन थापा मारल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "त्याला फोन लाव. म्हणावं, पोराला ताप आहे, पहिले पंधरा दिवस हॉर्न वाजवू नको."