भोचकपणा मोफत होता तेव्हा

भोचकपणाला आपण उगाच नावं ठेवली. गिरगावातल्या वाडीत अनोळखी माणूस शिरला की तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून एकच प्रश्न खाली यायचा, "कोण पाहिजे?" नाव सांगितलं तर वर या, पाणी घ्या. अडखळला तर आल्या वाटेने परत. विचारणाऱ्या काकूंना ना पगार ना गणवेश; तांदूळ निवडता निवडता पहारा. न्यूयॉर्कच्या जेन जेकब्स यांनी 1961 साली साधारण हेच पुस्तकात लिहिलं आणि नगररचनावाले ते अजून अभ्यासतात. त्यांच्या रस्त्यावर एक माणूस लहान मुलीशी ओढाताण करताना दिसला, तर खाटकाच्या दुकानातली बाई, फळवाला, सगळे बाहेर येऊन उभे राहिले. निघाला मुलीचा बाप! गिरगावात बापही इतक्या स्वस्तात सुटला नसता. पोरगी का रडतेय, याचा खुलासा द्यावा लागला असता.

गिरणगावात तर पहाराही पाळ्यांत चालायचा. पहिली पाळी निघायची तेव्हा तिसरी घरी परतायची. लालबाग-परळचा रस्ता ओस पडायचाच नाही, मग चोराने यायचं कधी? त्यात गाववाल्यांची खोली. सातारा-रत्नागिरीकडची माणसं एका खोलीत पथाऱ्या टाकायची, खानावळीत जेवायची. कुणी पिऊन धिंगाणा घातला तर पोलीस कशाला हवेत? पुढच्या पत्रातून बातमी गावी. बाप, चुलता आणि होणारा सासरा, तिघांना एकदम! कुठल्याच दंडसंहितेत एवढी कडक शिक्षा नाही.

पण हे डोळे भारी निवडक. दुपारी कुणाकडे कोण आलं हे अख्ख्या मजल्याला पाठ. रात्री नवरा बायकोला बडवू लागला की तोच मजला बहिरा. "त्यांच्या घरचं आहे." 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या, आणि नाक्यावरच्या बेकार पोरांना टोळ्यांनी कामाला लावलं. चाळीला ठाऊक नव्हतं थोडंच? पण पोरगा पडला आपला. भायखळ्याजवळच्या दगडी चाळीत तर परका ओळखायची ही कला शिगेला पोचली. फक्त परका म्हणजे साध्या वेशातला पोलीस. तिथले टोळीप्रमुख अरुण गवळी 2004 साली आमदारही झाले.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या रहिवाशांना टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत. संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्यांना चाळीची महती सांगायला मी जाणार नाही. ती सांगणारे बहुतेक स्वतः ब्लॉकमध्ये राहतात. एवढंच, की टॉवरांच्या नकाशात गॅलरीच्या जागी लॉबी येते, आणि लॉबीत पोरांनी खेळायचं नाही, म्हाताऱ्यांनी खुर्ची टाकायची नाही, असा फलक येतो. 2016 पासून शहरावर हजारो कॅमेऱ्यांची नजर आहे. त्यांना चोर दिसतो, पण "काय रे, कुणाचा तू?" एवढं काही विचारता येत नाही.

फाटकावर माणूस असतो म्हणा. एजन्सी बदलली की तोही बदलतो. दादरच्या एका टॉवरात नव्या रखवालदाराने पिशवी घेऊन आलेल्या आजोबांना अडवलं, वहीत नाव लिहायला लावलं आणि परवानगीसाठी वर इंटरकॉम केला. बराच वेळ वाजत राहिला. उचलणार कोण? त्या फ्लॅटमध्ये आजोबा एकटेच राहतात.