रात्री इथे कोण झोपतं?

निवृत्त माणसाने गावात फार दिसू नये. दिसला की त्याला कुणीतरी कशाचा तरी सदस्य करून टाकतं. मला मतदार नोंदणीच्या शिबिरात मतदारमित्र केलं. म्हणजे छातीवर एक बिल्ला, पारावर एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्यांतली एक कुठल्याशा लग्नातून मंडपवाल्याकडे परत जायची राहिलेली. जोडीला कॉलेजातली दोन मुलं, त्यांना एनएसएसचे तास भरायचे होते. आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना घरी टीव्हीचा रिमोट मिळत नव्हता. रेवदंड्यातल्या लोकशाहीची धुरा ती एवढ्यांवर.

पहिल्या दिवशी तिघी आल्या आणि तिघींनीही विचारलं, "लाडक्या बहिणीचं केवायसी हितंच काय?" चौथ्याला रेशनकार्डावरून सख्खा भाऊ उतरवायचा होता. पाचवा झेरॉक्सचा भाव विचारून गेला. मतदार म्हणून जे आले त्यांनाही मत नको होतं, कार्ड हवं होतं. बँकेत चालतं, सिमला चालतं, लॉजवर चालतं. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी १९९३ साली फोटोच्या ओळखपत्राचा हट्ट धरला तो बोगस मतदान थांबावं म्हणून. ते किती थांबलं देव जाणे, पण लॉजवाल्यांची सोय झाली.

"येका मतान काय व्हतंय?" हा प्रश्न रोज येतो. बाकीच्या जिल्ह्यांत त्यावर भाषण द्यावं लागतं, रायगडात आकडे सांगितले की पुरे. २०१४ च्या लोकसभेला इथे अनंत गीते जिंकले आणि सुनील तटकरे हरले, २,११० मतांनी. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे दुसरे एक अपक्ष उभे होते. त्यांना मिळाली ९,८४९. मी हे मोठ्या तोऱ्यात एका कोळीबाबांना ऐकवलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "म्हंजे मत देयाचा नाय, पयला वाचाला शिकाचा." एनएसएसच्या मुलाने हे वहीत लिहून घेतलं. आमच्या शिबिराचा तेवढाच लेखी निष्कर्ष आहे.

याच बाबांचं नाव यादीत नव्हतं. होतं, मग गेलं. का गेलं ते कुणाला ठाऊक नाही. पडताळणीला माणसं आली तेव्हा ते दर्यात होते, असा त्यांचा कयास. "बोटीला नंबर हाय, इंजनाला नंबर हाय, मना नाय," असं म्हणून त्यांनी नमुना ६ वर अंगठ्याएवढी सही केली.

नमुन्यांचं एकदा सांगून टाकतो. सहा नंबर नव्या नावासाठी, सात नंबर नाव काढण्यासाठी, आठ नंबर दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी. अठरा पूर्ण झाल्याची तारीख पूर्वी वर्षातून एकच धरत, १ जानेवारी. २ जानेवारीला जन्मलेलं पोर वर्षभर बसून राही. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात. वर्षाला चार मुहूर्त झाले, पोरं मात्र पाचवा विचारतात. मोबाइलवरून सगळं घरबसल्या होतं असंही आम्ही सांगतो. मग ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर, मुलगा असतो जहाजावर, आणि सेशन संपून जातं.

बायकांची नावं हा वेगळा अध्याय. पहिल्या निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या तेव्हा उत्तरेकडे लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावं गाळली. पंचाहत्तर वर्षांनी आम्ही इतकी प्रगती केली की आमच्या टेबलापुढच्या सुनेला तीन नावं आहेत. माहेरच्या यादीत एक, आधारवर एक, आणि सासूने लग्नात तांदळात लिहून घेतलेलं तिसरं. "मी नक्की कोण लिहू?" असं तिने विचारलं. पोस्टमास्तर म्हणाले, "ज्या नावाने पार्सल घेता ते."

सात नंबरचा नमुना कुणीच मागत नाही. एका आजींकडे मी तो घेऊन गेलो, यजमानांना जाऊन काही वर्षं झालेली. त्यांनी चहा दिला, नमुना चष्मा लावून वाचला, घडी घालून परत माझ्या हातात ठेवला. "रेशनकार्डावरनं काढलंन, बँकेतनं काढलंन, लाइटचं बिलही मुलाच्या नावावर गेलं. आता येवढ्या एका कागदावर आमच्या दोघांचे फोटो शेजारीशेजारी आहेत." मी चहा पिऊन आलो. नियमाने मी चुकलो, हे मला माहीत आहे.

मग चाकरमानी. हे राहतात डोंबिवलीला आणि जगतात रेवदंड्यात, असं त्यांचं म्हणणं. नाव दोन्हीकडे. कायद्याने एका माणसाला एकच नोंद, आणि खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर वर्षभराची कैदही होऊ शकते. हे सांगितलं की चाकरमानी दुखावतो. "गणपतीला येतो ना दरवर्षी!" २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावांपुढे दोन तारे छापायला लावले. अलिबाग तालुक्यातल्या अर्ध्या हॉटेलांना अजून एक तारा मिळालेला नाही, आणि आमच्या चाकरमानी पुतण्याला बसल्या जागी दोन.

बाहेरून येऊन इथलं होण्याची हौस तशी जुनी आहे. पोर्तुगीज १५२० च्या दशकात इथे टेकले ते १७४० ला मराठ्यांनी काढेपर्यंत. किल्ला बांधला, सातखणी मनोरा बांधला. खाडीपलीकडे कोर्लईत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली घरात बोलतात. आजच्या हिशेबाने पोर्तुगीजांकडे राहण्याचा पुरावा भक्कम होता, फक्त नागरिकत्वाच्या रकान्यात अडले असते.

त्यांच्यानंतर आले शेठ. शनिवारी गाडी पाराशी थांबली, काच अर्धी खाली आली. "इथे नाव लावून मिळेल का? मी आता इकडचाच समजा." सुपारीची एक जुनी वाडी घेऊन तिथे त्यांनी बंगला बांधलाय. पोहण्याचा तलाव आहे, त्यात निळा दिवा आहे. फाइल घेऊनच आले होते: नोंदणीकृत खरेदीखत, लाइटबिल, सातबारा. मुंबईतलं नाव काढणार का, असं मी विचारलं. "ते राहू दे की. इकडे पंचायतीत जरा वजन राहतं," म्हणाले. प्रामाणिक माणूस.

पोस्टमास्तरांना कलमांचा नाद आहे. त्यांनी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम २० काढलं. त्यात म्हटलंय की केवळ घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. शेठ हसले आणि नमुना ६ च्या मागची यादी त्यांनी बोटाने दाखवली. राहण्याचा पुरावा म्हणून काय चालेल? लाइटबिल, जमिनीचे महसुली कागद, खरेदीखत. कलम म्हणतं घर असून भागत नाही. नमुना म्हणतो घराचे कागद जोडा. पोस्टमास्तर दिवसभर बोलले नाहीत. आम्ही अर्ज घेतला. अर्ज घेणं आमचं काम, ठरवणं नोंदणी अधिकारी साहेबांचं.

त्याच कलमात पुढे आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी फाइलीत घालून आणत नाही. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जात नाही. आमच्या कातकरवाडीला हे कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं. दिवाळी झाली की वाडी ओस पडते. उचल घेतलेली असते, माणसं पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर, कोळशाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. यादीची पडताळणीही नेमकी बऱ्याचदा नोव्हेंबर-डिसेंबरात. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीच्या अधिकारी, आल्या, कुडाला ताटी लावलेली बघितली, शेजारी विचारावं तर शेजारीही भट्टीवर. लिहिलं: स्थलांतरित. डोंबिवलीत वीस वर्षं राहिलेला माणूस इथला, आणि सहा महिने विटा थापायला गेलेला बाहेरचा.

बीएलओ बाईंना दोष देऊ नका. त्या अंगणवाडी सेविका आहेत. सकाळी पोरांची वजनं, दुपारी पोषण आहार, मधे गरोदर बायकांच्या नोंदी, आणि उरलेल्या वेळात लोकशाही.

तर त्या वाडीतली एक बाई आली. नाव गेलेलं. भट्टी यंदा सोडली, कारण नवऱ्याला राखणीचं काम लागलं. कुठे? शेठच्या बंगल्यावर. राहण्याचा पुरावा? तिने आमच्याकडे बघितलं, आम्ही तिच्याकडे. वाडीतल्या कुडाला बिल नाही, आणि बंगल्याचं बिल शेठच्या नावावर.

पोस्टमास्तर इथे पुन्हा जिवंत झाले. नियम असा: ज्याच्याकडे राहण्याचा कागदच नाही त्याच्यासाठी जागेवर जाऊन पडताळणी, आणि बेघर माणूस असेल तर बीएलओने रात्री जायचं, एकदा नाही, अनेकदा, आणि तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. निवडणुकीच्या अख्ख्या नियमांत माणसाला इतकं साधं काही विचारलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. बीएलओ बाई म्हणाल्या, "शेठच्या अर्जाचीही पडताळणी त्याच पत्त्यावर आहे. एकदमच उरकू."

रात्री नऊच्या सुमाराला आम्ही निघालो. बाई, मी आणि एनएसएसचा मुलगा, त्याच्याकडे मोबाइलची विजेरी. फाटकातून आत गेलो तर वरच्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या बंद, तलावात पाणी नाही, निळा दिवा मात्र चालू आणि तळाशी सुपारीची झावळी पडलेली. मागे पंपघराला लागून पत्र्याची खोली. दारात चूल, तव्यावर जवळा भाजत होता, त्याचा वास पार फाटकापर्यंत आलेला. एक पोर झोपलं होतं, दुसरं आम्हाला बघून उठून बसलं.

बाईंनी पिशवीतून दोन्ही अर्ज काढले, एकाखाली एक धरले. पत्ता तोच. पेनाचं टोपण दातात धरून त्यांनी विचारलं, "इथे रोज रात्री कोण झोपतं?"

"आमीच. मी, ह्यो नि दोन पोरां."

"आणि शेठ?"

तिने जवळा उलथला. "येतात ना. थर्टीफस्टला."

"मग त्या रात्री तरी इथे झोपतात?"

"त्या रातीला कोन झोपतंय, बाय?"